'ठाणे'ची पाच अक्षरे आणि 'असलेले' या शब्दाचा अर्थ

नौपाड्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीच्या वर्गात आपल्या शहराच्या नावातील अक्षरे असलेले इंग्रजी शब्द शोधून आणायचे होते. मुलीने 'मिथेन' आणि 'एलिफंट' असे दोन शब्द नेले, त्यांपैकी पहिला मान्य झाला आणि दुसरा बाद ठरला. टी, एच, ए, एन आणि ई ही पाचही अक्षरे दोन्ही शब्दांत असताना असे का व्हावे, आणि हा फरक मराठीत नेमका कसा मांडावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न ज्या शब्दांत विचारला गेला, ते पाहता मुलीची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण 'असलेले' या शब्दात आहे, कारण त्याच्या पोटात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत: अक्षरे एकमेकांना लागून हवीत, की त्याच क्रमाने पण मध्ये इतर अक्षरे आली तरी चालतील, की क्रम कसाही असला तरी हरकत नाही?

पहिल्या अर्थाने शोधू गेल्यास फारच थोडे शब्द हाती लागतात. मिथेन, इथेन आणि गाद्यांच्या फोममुळे परिचित झालेला पॉलियुरेथेन हे शब्द इंग्रजीत लिहून पाहिले, तर प्रत्येकाच्या शेवटी आपल्या शहराचे स्पेलिंग जसेच्या तसे दिसते. हा निव्वळ योगायोग आहे. मिथेन आणि इथेन यांतले टी-एच मूळच्या ग्रीक शब्दांतून आले आहे, तर शेवटचे ए-एन-ई हा हायड्रोकार्बनांच्या नावांसाठी ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६६ मध्ये सुचवलेल्या पद्धतीतला प्रत्यय आहे. आपले 'ठाणे' मात्र संस्कृत 'स्थान'पासून आले असून शिलाहारांच्या काळातील 'श्रीस्थानक' या नावात ते मूळ अजून स्वच्छ दिसते. तेच टी-एच तिथे 'थ' होते आणि इथे 'ठ'; इंग्रजी अक्षरांवरून शब्दांचे नाते जोडू नये, हे मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

दुसरा अर्थ मला सर्वांत रंजक वाटतो. 'थँकलेस' आणि 'थ्रेटन्ड' या शब्दांत ही पाच अक्षरे डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने येतात, फक्त मध्ये इतर अक्षरे शिरलेली असतात. यातला माझा आवडता शब्द 'इंटरचेंज' आहे. तो सावकाश लिहून पाहावा: आय, एन, टी, ई, आर, सी, एच, ए, एन, जी, ई. तिसऱ्या जागी टी, मग तीन अक्षरे सोडून सलग एच-ए-एन, आणि जी ओलांडली की अखेरची ई. मध्य रेल्वेच्या गाडीतून उतरून वाशी-पनवेलची गाडी पकडणाऱ्या हजारो प्रवाशांसाठी ठाणे स्थानक म्हणजे इंटरचेंजच, आणि त्या शब्दातच ठाणे लपलेले आहे.

तिसऱ्या अर्थाने मात्र शब्दांची रांगच लागते: पँथर, अनदर, अँथम, बिनीथ, अनअर्थ, आणि अर्थातच एलिफंट. एलिफंटमधला एच पी-बरोबर मिळून 'फ' झाल्यामुळे आणि टी शेवटी एकटा पडल्यामुळे कानाला ठाण्याची चाहूलही लागत नाही. तो बाद ठरण्याचे हेही एक कारण असू शकेल. आपल्याला कानाने अक्षरे मोजायची सवय असते, कारण देवनागरीत 'ठाणे' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या खेळात मात्र डोळ्यांनीच मोजावे लागते.

पडताळणीची सोपी रीत अशी की, शब्दातील अक्षरे वर्णक्रमाने लावून घ्यावीत. ठाण्याची अक्षरे ए, ई, एच, एन, टी अशी लागतात. एलिफंटची ए, ई, ई, एच, एल, एन, पी, टी अशी. दुसऱ्या ओळीत पहिल्या ओळीतील प्रत्येक अक्षरावर खूण करत गेले की दुसरी ई, एल आणि पी उरतात, म्हणजे शब्द बसला. काहीच उरले नाही, तर ती अक्षरांची निव्वळ अदलाबदल असते. इंग्रजी कवितेतला 'नीथ' हा शब्द तसा आहे. छापील शब्दकोश पहिल्या अक्षरापासून लावलेला असल्यामुळे अशा शोधात तो फारसा कामी येत नाही. संगणकावर शब्दयादी असेल, तर युनिक्समधील 'ग्रेप' ही आज्ञा वापरता येते. तिच्यात टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारका म्हणजे तिच्या आधीची खूण कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा. पाच अक्षरांच्या दरम्यान टिंब आणि तारका ही जोडी लिहिली की इंटरचेंजसारखे शब्द आपोआप वेगळे निघतात.

आता मराठी शब्दयोजनेकडे वळू. पहिल्या प्रकारासाठी 'सलग', दुसऱ्यासाठी 'क्रमाने, पण सलग नव्हे' आणि तिसऱ्यासाठी 'कोणत्याही क्रमाने' असे म्हणावे. 'विस्कळीत' हा शब्द काही जण सुचवतात, पण त्यातून क्रम सुटला की सलगपणा, हे कळत नाही, म्हणून मी तो टाळतो.

एक गोष्ट तिन्ही प्रकारांत आधी ठरवावी लागते: नावात एखादे अक्षर दोनदा आले, तर शब्दातही ते दोनदा हवे का? माझ्या मते हवे. शहराचे जुने इंग्रजी स्पेलिंग शेवटी ई-ऐवजी ए लिहून होत असे, त्यामुळे त्यात दोन ए आहेत. ते धरले, तर सलग प्रकारात इच्छामरणासाठीचा 'युथनेशिया' हा शब्द मिळतो, आणि कोणत्याही क्रमाने शोधले तर 'मॅरेथॉन' आणि 'नॅप्था' हे दोन्ही बसतात. त्या स्पेलिंगवर खेळ झाला असता, तर मुलीचा एलिफंट खरोखरच बाद झाला असता, कारण त्यात ए एकच आहे.