उत्तरसूचीची पानं

खुर्चीत बसल्या बसल्या एका मुलीच्या वडिलांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली पानं काढली आणि टेबलावर ठेवली. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या गाईडमधली शेवटची पानं होती ती, उत्तरसूचीची. पुस्तकातून फाडून आणलेली.

"मॅडम, पोरगी यातनं बघून लिहिते. तीन आठवडे रोज 80 पैकी 70, 72, 74 दाखवत होती. मी भावकीच्या ग्रुपवर टाकत होतो. आणि आता हे."

कसं कळलं, म्हणून विचारलं. एका सरावसंचाच्या उत्तरसूचीत छपाईची चूक होती. बरोबर उत्तर 'ब', छापलं होतं 'क'. मुलीनंही 'क'च लिहिलं होतं. शंका आली म्हणून त्यांनी पानं उलटून पाहिली, तर गणिताच्या प्रश्नांशेजारी कच्चं काम कुठंच नाही. सगळी जागा कोरी करकरीत.

"परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. सहावीसाठी नवोदय एकदाच देता येते. मारलं नाही मी तिला, पण दोन दिवस बोललो नाही. आता तुम्हीच सांगा, काय करू?"

मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी घेऊन पालक माझ्याकडे येतात, आणि हा प्रश्न दरवर्षी येतो. कधी नवोदय असते, कधी सैनिकी शाळा, कधी शिष्यवृत्ती. कुणाचं मूल उत्तरं बघतं, कुणाचं घरी सगळं सोडवतं आणि सराव चाचणीत गोंधळतं, कुणाचं पुस्तक दिसलं की पोट दुखतं. या घरानं लिहायला परवानगी दिली, म्हणून सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला धाकटा भाऊ असल्यामुळे घरात सगळे तिला ताईच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करतात. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासायचं, प्रत्येकाच्या कार्डावर आकडा लिहायचा. माणूस नोंदीचा पक्का. ताईच्या अभ्यासालाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचे मार्क, लाल पेनानं. केंद्र बंद करून, जेवण उरकून रात्री नऊला ते तिला घेऊन बसायचे. रोज एक अख्खा संच, 80 प्रश्न, दोन तास. म्हणजे दहा वर्षांचं मूल रात्री अकरापर्यंत जागं.

शिवाय एक नियम त्यांनी स्वतःच्या मनानं केला होता. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापायचा. "ठोकताळ्यानं लिहायची सवय लागू नये म्हणून," ते म्हणाले.

इथं मी त्यांना थांबवलं. नवोदयच्या सहावीच्या निवड चाचणीत 80 प्रश्नांना 100 गुण असतात, प्रत्येक प्रश्नाला सव्वा. 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे. चुकलं तर गुण कापत नाहीत. जी शिक्षा परीक्षेतच नाही, ती या मुलीला घरी रोज रात्री मिळत होती. आधी ती अडलेले प्रश्न कोरे सोडायची, मग "एवढे कोरे का?" म्हणून बोलणी बसायची. लिहिलं तर कापलं जातं, नाही लिहिलं तर बोलणी बसतात. मग तिसरी वाट तिनं शोधली, ती पुस्तकाच्या शेवटच्या पानांत होती.

मी याला खोटेपणा म्हणत नाही. मूल जेव्हा उत्तरसूची बघून लिहितं, तेव्हा त्याला बहुतेक वेळा परीक्षेत फसवायचं नसतं, आजची संध्याकाळ नीट जावी एवढंच हवं असतं. ताईचे मार्क ग्रुपवर गेले की आत्या अंगठा टाकायची, काका शाब्बास लिहायचे. त्यानंतर 45 मार्क दाखवायचे कुणी?

ताई दुसऱ्या दिवशी आईबरोबर आली. मान खाली. मी परीक्षेचं काही विचारलं नाही. एक कोरा कागद चौकोनी कापला, तिच्यापुढं दोनदा घडी घातली आणि कोपऱ्याजवळ पेनाच्या टोकानं भोक पाडलं. "उघडल्यावर किती भोकं दिसतील आणि कुठं?"

तिनं कागद हातात घेतला. उघडला नाही. बोटानं घडीच्या कडा चाचपल्या, डोळे बारीक केले आणि टेबलावर बोट टेकवत म्हणाली, "इथं, इथं, इथं, इथं." चार. जागाही बरोबर. मग मी तिरकी घडी घातली. तेही आलं. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःच कागद घेतला, माझ्यासाठी घडी घातली आणि मला विचारलं. त्या खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

घडीच्या कागदाचे, आरशातल्या प्रतिमेचे, लपलेल्या आकृतीचे प्रश्न म्हणजे या परीक्षेचा निम्मा भाग. तो भाग या मुलीच्या हातात होता, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. कारण कॅलेंडरवर एकच आकडा लिहिला जायचा. 52 म्हणजे 52. त्यातले कुठले आले नि कुठले गेले, हे कुणी बघितलंच नव्हतं.

मग तिच्याबरोबर गणिताचे दहा प्रश्न सोडवले. मी गप्प, ती मोठ्यानं बोलत. एक प्रश्न होता: 150 रुपयांची वस्तू शेकडा 20 तोट्यानं विकली, तर विक्रीची किंमत किती? तिनं भरभर 30 काढले, पर्यायांत 30 दिसले आणि खूण केली. उत्तर 120. तोटा काढणं तिला येत होतं, फक्त प्रश्नाची शेवटची ओळ तिनं वाचली नव्हती. असे पर्याय मुद्दामच दिलेले असतात, अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्या मुलासाठी. दहापैकी चार चुका झाल्या, त्यातल्या तीन अशाच. शेकडेवारी तिला पुन्हा शिकवायची काही गरज नव्हती. "विचारलंय काय?" या शब्दांखाली रेघ मारायची सवय हवी होती.

भाषेच्या उताऱ्यात वेगळंच निघालं. उतारा मधमाश्यांवर होता. तिच्या मामांकडे मधाच्या पेट्या आहेत, त्यामुळे तिला त्यातलं बरंच ठाऊक. ती उत्तरं उताऱ्यातून न देता मामांकडून ऐकलेल्या माहितीवरून देत होती, आणि ती खरीही होती. पण परीक्षेत विचारलेलं असतं ते उताऱ्यात काय म्हटलंय ते. हुशार मुलं इथं हमखास मार्क घालवतात. त्यावर मी तिला एकच खेळ दिला: उत्तर सांगायचं आणि ते ज्या ओळीत आहे तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर बदलायचं.

जाताना तिनं विचारलं, "पप्पा कॅलेंडरवर लिहितात ते पण धरतात का नवोदयवाले?"

तिला खरंच तसं वाटत होतं. परीक्षा एकदाच आहे हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की रोजची रात्र तिला तीच एकदाची परीक्षा वाटायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात आईवडील दोघांना बोलावलं. वडिलांना मी विचारलं, "एखाद्याच्या म्हशीच्या दुधाचं फॅट आठवडाभर घसरलं, तर तुम्ही त्याला काय सांगता?"

"चारा बघ म्हणतो. वैरण बदलली का, पेंड कमी झाली का, आजारी आहे का."

"कार्डावर जास्त आकडा लिहून फॅट वाढतं का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी नुसतं कार्ड भरत बसलोय."

मला पुढं काही सांगावं लागलं नाही. कॅलेंडरवर मार्क लिहायचे थांबवायचं त्यांनीच ठरवलं. ग्रुपवर टाकणंही बंद. फाडलेली पानं मी त्यांना परत दिली आणि ती ताईच्याच ताब्यात द्यायला सांगितली. हे त्यांना जड गेलं. पण उत्तरसूची लपवली की ती शोधायची वस्तू होते. तिची तिनं तपासायची, चुकलेल्या प्रश्नावर गोल करायचा आणि वेगळ्या वहीत एका ओळीत लिहायचं की पाय कुठं घसरला. वाचण्यात, आकडेमोडीत, घाईत, की मुळातच येत नव्हतं. वडिलांनी आठवड्यातून एकदा ती वही बघायची, आणि जे मुळातच येत नाही तेवढंच शिकवायचं.

रोज बसणार कोण, हा प्रश्न उरला. वडील दोन्ही वेळा केंद्रावर. आई म्हणाली, "मी आठवीपर्यंतच शिकलेय. मला यातलं काही येत नाही."

मी म्हटलं, हेच बरं आहे. ज्याला येतं असा माणूस शेजारी बसला की त्याचा हात आपोआप पेनाकडे जातो. मूल अडलं की तो सांगून मोकळा होतो. न येणाऱ्यानं एकच विचारायचं: "कसं काढलंस, मला समजावून सांग." सांगता सांगता मुलाची चूक त्याची त्यालाच सापडते. मी हे कितीतरी घरांत पाहिलं आहे, आणि घरच्या अभ्यासासाठी याहून जास्त उपयोगाचं मला काही माहीत नाही. महागडे वर्ग लावलेल्या मुलांचंही शेवटी कुणीतरी समोर बसून ऐकावं लागतंच.

वेळही बदलली. शाळेतून आल्यावर खेळून, हातपाय धुऊन पाऊण तास. सकाळी अर्धा. रात्री साडेनऊला झोप. पूर्ण संच फक्त रविवारी, तोही सकाळी साडेअकरा ते दीड, कारण खरी परीक्षा त्याच वेळेत असते. रात्री पेंगत सोडवलेल्या 80 प्रश्नांवरून साडेअकराच्या पेपरचा काहीच अंदाज येत नाही. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून घेतल्या आणि बॉलपेननं उत्तराच्या पर्यायाचा गोल भरायचा सराव सुरू केला. ताई प्रत्येक गोल रांगोळीसारखा भरायची, कडेला जराही पांढरं राहू द्यायची नाही. घड्याळ लावून पाहिलं तर एका गोलाला जवळजवळ 15 सेकंद. 80 गोलांना म्हणजे 20 मिनिटं! दोन तासांतली 20 मिनिटं नुसती रंगवण्यात. यावर घरात कुणी बोलतच नाही. चार-पाच सेकंदांत नीट गोल भरणं हेही शिकवावं लागतं, आणि सगळे शेवटी भरायला ठेवले तर एक ओळ चुकली की पुढचे सगळे चुकतात. म्हणून पान संपलं की त्या पानाचे गोल भरायचे.

आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. हे सांगितलं तेव्हा ताईनं आधी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिही बाळा. कापत नाहीत. माझंच चुकलं होतं."

आईचं एक बोलणं मात्र राहून गेलं होतं. तिसऱ्या भेटीत दाराशी उभी राहून ती म्हणाली, "लागला नंबर, तर राहील का हो ती तिकडं?" नवोदय निवासी शाळा, सहावीपासून घर सोडायचं. तीन महिने घरात मार्कांवर बोलणं चाललं होतं, या गोष्टीवर एकदाही नाही. मी ताईला विचारलं. तिला जायचं होतं. गावातली एक दीदी तिथं होती, ती सुट्टीत आल्यावर बास्केटबॉलचं आणि रात्रीच्या गप्पांचं सांगायची. ताईला काळजी एकच, वेणी कोण घालेल. मग दिवाळीच्या सुट्टीत तिला चार रात्री आत्याकडे पाठवलं, एकटी. स्वतःची वेणी, स्वतःचे कपडे, स्वतःचं अंथरूण. वेणी वाकडी आली, पण तिसऱ्या दिवसापासून तिनं कुणाला हात लावू दिला नाही. आईची काळजी संपली असं नाही, पण ती आता उघड बोलायला लागली.

खरे मार्क पहिल्या रविवारी किती आले, हे मला वडिलांनी फोनवर सांगितलं. 80 पैकी 44 बरोबर. आवाज पडलेला होता. पण शेजारून ताई ओरडून सांगत होती, "पण 7 तर नुसते घाईचे आहेत!" पुढच्या रविवारी 49. मग 47. मग 55. शेवटच्या महिन्यात 60 च्या आसपास ती स्थिरावली. 74 पुन्हा कधी दिसले नाहीत.

तिची निवड झाली नाही. जिल्ह्यातून हजारो मुलं बसतात आणि एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा असतात, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी. हे आकडे मी पहिल्याच भेटीत दोघांना सांगितले होते, आणि ताईलाही. निकालाच्या दिवशी ती रडली. वडिलांनी तिला केंद्रावर नेलं आणि दिवसभर आपल्याबरोबर ठेवलं, कार्डं लिहायला. रात्री तिनं विचारलं, "आठवीत असताना नववीसाठी पण देता येते ना?" देता येते. द्यायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला. धाकटा आता चौथीत आहे. "याचं कधीपासून सुरू करू?"

मी विचारलं, सध्या तो काय करतो?

"काही नाही. ताई त्याला कागद दुमडून भोकं पाडून दाखवत असते. आईची सुई घेतलीय दोघांनी. घरभर कागदाचे तुकडे."

आणि ते गाईड? ते ताईकडेच आहे. शेवटची पानं तिनं चिकटपट्टीनं परत जागेवर लावली आहेत. छपाईची चूक असलेल्या प्रश्नासमोरचा 'क' खोडून तिथं पेनानं 'ब' लिहिला आहे.