इस्लामचा आरंभकाळ वाचायचाय? मग आधी नाणी बघ

तू विचारलंस, सुरुवात कुठून करू. राजवंशांच्या याद्या पाठ करत बसू नकोस, मीही तिथेच वर्ष घालवलं. आधी नाणी बघ.

इराण जिंकल्यावरही अरब सुभेदार कित्येक वर्षं सासानी (इस्लामपूर्व इराणी घराण्यातल्या) राजाचा चेहरा आणि अग्निवेदी असलेलीच नाणी पाडत होते, फक्त कडेला अरबीत ‘बिस्मिल्लाह’. मग हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ ला, खलिफा अब्दुल मलिकने सोन्याच्या दिनारावरून चित्रच काढून टाकलं. दोन्ही बाजूंना निव्वळ अक्षरं! एक नवी संस्कृती स्वतःचा आवाज शोधतेय, हे तुला तळहातावर दिसेल. इजिप्तमधली हिजरी २२ ची एक पावतीही बघ. सैन्यासाठी घेतलेल्या ६५ मेंढ्यांची, ग्रीक आणि अरबी दोन्ही भाषांत लिहिलेली.

हे डोळ्यांखालून गेलं की इतिहासकार तबरीकडे वळ. तो इ.स. ९२३ मध्ये वारला, म्हणजे पैगंबरांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. एकाच प्रसंगाच्या दोन-तीन परस्परविरोधी हकिकती तो सांगणाऱ्यांच्या नावांसकट देतो. ती नावं गाळून वाचू नकोस, खरा इतिहास तिथेच आहे.

आणि तारखा. हिजरी सन इ.स. ६२२ पासून मोजतात, पण त्याचं वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे नुसते ६२२ मिळवून इसवी सन निघत नाही. मोडी कागदांतला शुहूर सन (मराठेशाहीत वापरलेली कालगणना) तुझ्या परिचयाचा असेल, पण तो सौर. त्याचा हिशेब इथे लावू नकोस.