एसी २४ अंशांवर असूनही चिकचिक का होते? घरातल्या दमटपणामुळे एसीचं आणि हीटरचं बिल वाढतं का?

एसीच्या बाबतीत उत्तर ठाम 'हो' आहे. हीटरचं गणित वेगळं आहे, त्याकडे शेवटी येतो.

एसी एकाच वेळी दोन कामं करतो: हवा गार करतो आणि हवेतलं पाणी काढतो. रिमोटवर आकडा दिसतो तो फक्त पहिल्या कामाचा. दुसरं काम केवढं मोठं आहे हे मलाही स्वतः हिशोब मांडेपर्यंत माहीत नव्हतं. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली घ्या. आत ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता. एवढ्या हवेत सुमारे पाऊण लिटर पाणी बाष्परूपात असतं. ही हवा २५ अंश आणि ५० टक्क्यांवर आणायची, तर त्यातलं साधारण ३५० ग्रॅम पाणी काढावं लागतं. नुसती हवा ५ अंशांनी गार करायला सुमारे २२० किलोज्यूल उष्णता ओढून घ्यावी लागते; ते पाणी काढायला सुमारे ८५०. जवळजवळ चौपट! भिंती, सामान, ऊन आणि माणसं यांची उष्णता धरली की हे प्रमाण बरंच उतरतं, पण पाण्याचा भार किरकोळ नाही हे नक्की.

याचं कारण आपण शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा. एक लिटर पाण्याच्या बाष्पाचं पुन्हा पाणी होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार साडेपाच लिटर पाणी उकळीला येईल. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या प्रत्येक लिटरमागे तुमच्या यंत्राने एवढी उष्णता उचलून बाहेर टाकलेली असते.

आता चिकचिकीबद्दल. आपलं शरीर घाम सुकवून गार होतं. हवा आधीच दमट असेल तर घाम सुकत नाही, अंगावरच राहतो. मग आपण २४ चे २२ करतो, २२ चे २० करतो. खोली गारठते, तरी बरं वाटत नाही. म्हणून माझं मत असं, की तापमान कमी करण्याआधी एक साधा आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवा. ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये काटा असेल तर २६-२७ अंश आणि वर पंखा एवढ्यावर बहुतेकांचं छान भागतं. आणि सेटिंग जितकं वर, तितकी वीज कमी.

काटा ६५-७० वर अडकत असेल तर एसी पाणी नीट काढत नाहीये. माझ्या झोपायच्या खोलीत हेच होत होतं. 'मोठा असलेला बरा' म्हणून मी गरजेपेक्षा जास्त टनाचा एसी बसवला होता. दहा मिनिटांत तापमान गाठायचा आणि कॉम्प्रेसर बंद व्हायचा. कॉइल (एसीच्या आतली गार नळ्यांची जाळी) गार होऊन, तिच्यावर पाणी जमून, ते नळीपर्यंत वाहायला वेळ लागतो. तेवढा वेळच मिळत नव्हता. त्यात एसीचा आतला पंखा अखंड चालू, त्यामुळे ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीतच सुकायचं. एसी बदलणं शक्य नव्हतं. मी या पंख्याचा वेग सर्वांत कमी केला आणि कॉम्प्रेसरबरोबर पंखाही थांबेल असं सेटिंग केलं. एवढ्याने आर्द्रता बरीच उतरली. वेग कमी असला की कॉइल जास्त गार राहते. हे महत्त्वाचं आहे, कारण २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचं दवबिंदू तापमान साडेसतराच्या आसपास असतं. कॉइल त्याहून गार असेल तरच तिच्यावर पाणी जमतं. इन्व्हर्टर एसी अगदी मंद चालत असताना कधीकधी इथेच कमी पडतो. अशा वेळी 'ड्राय' मोड लावून बघा. तो फार उकाड्याच्या दुपारी पुरत नाही, पण दमट आणि मध्यम उष्ण हवेत उत्तम चालतो.

एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. त्यांतलं सगळं पाणी शेवटी एसीलाच काढावं लागतं. डीह्युमिडिफायर घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की तो पाणी काढतो पण उष्णता खोलीतच सोडतो. आणि पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेतच कामाचा. दमट हवेत तो चिकचिक वाढवतो.

थंडीत 'दमट हवा तापवायला जास्त वीज लागते' असं सांगितलं जातं. २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असली तरी त्या बाष्पाला तापवण्याचा भार जेमतेम दीड-दोन टक्के असतो. तो विसरून जा. 'ह्युमिडिफायर लावला की हीटरचं बिल वाचतं' हेही मला पटत नाही. दमट हवा किंचित उबदार वाटते हे खरं, पण एक लिटर पाण्याचं बाष्प करायला सुमारे पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता लागते आणि ती तुमच्याच खोलीतून किंवा विजेतून जाते. घसा, त्वचा कोरडी पडते म्हणून लावायचा असेल तर जरूर लावा, बचतीसाठी नको.

हिवाळ्यात खरा तोटा होतो तो भिंती ओल्या झाल्याने. भिंतीतल्या किंवा इन्सुलेशनमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता भराभर बाहेर जाते, कारण स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता वीसपटीहून जास्त वाहून नेतं. शिवाय बुरशी येते. धुराडं नसलेला गॅस हीटर असेल तर आणखी भर: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी बाष्प होऊन खोलीत उतरतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. सकाळी काच आतून ओली दिसली तर खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. बाहेरच्या गार हवेत पाणी फार कमी असतं: ० अंश, ८० टक्क्यांची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २१ टक्क्यांच्या आसपास राहते. तेवढ्या वेळात भिंती गार होत नाहीत, त्यामुळे खिडक्या लावल्यावर खोली लगेच पुन्हा ऊब धरते.