नव्या घरात आधी गोट्याची खोली लावा

लंडनमधल्या हॅरोहून एका ताईंचं पत्र आलं आहे. बारा वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर पुढच्या महिन्यात मिल्टन कीन्सला स्वतःच्या घरात जायचं आहे. घरात दोन मुलं, अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर मोती आणि चार वर्षांचा बोका गोट्या. सासूबाई वास्तुशांतीसाठी सांगलीहून येणार आहेत. ताई लिहितात, ‘सामानाची यादी झाली, व्हॅन ठरली, गुरुजी ठरले. या दोघांचं काय करायचं तेवढं सुचत नाही. मिस्टर म्हणतात, जनावरं आहेत, दोन दिवसांत रुळतील. मला तसं वाटत नाही. त्यातून सासूबाईंना देवाजवळ कुत्रं चालत नाही.’

ताई, तुम्हाला वाटतं तेच खरं आहे. मोती कदाचित आठवड्याभरात रुळेल, गोट्या दोन दिवसांत मुळीच रुळणार नाही.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती फिरवते तेव्हा जागा तिने स्वतः हेरलेली असते. माळा, फडताळामागचा कोपरा, लाकडांची रास. आपण मात्र तिला एका सकाळी डब्यात घालतो आणि जिथे तिच्या ओळखीचा एकही वास नाही अशा ठिकाणी सोडतो. मांजर घर ओळखते ते वासावरून. सोफ्याला, दाराच्या चौकटीला, आपल्या पायांना ती गाल घासते, तेव्हा ती त्या जागेवर स्वतःचा वास ठेवत असते. जुन्या घरात असा वास वर्षानुवर्षं साठलेला असतो. नव्या घरात आधीच्या माणसांच्या कुत्र्याचा, ताज्या रंगाचा आणि फिनेलचा वास.

हे मी अनुभवावरून सांगते. आमच्या दुसऱ्या घरी आलो त्याला चौथा दिवस होता. मी स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे लावत होते. वॉशिंग मशीन घेऊन आलेल्या माणसाने मागचं दार उघडं ठेवलं, मीही पाहिलं नाही, आणि आमची मनी गेली. नऊ दिवस आम्ही रात्री टॉर्च घेऊन तिला हाका मारत फिरलो. दहाव्या दिवशी जुन्या घरातल्या नव्या भाडेकरूचा फोन आला, कचऱ्याच्या डब्यांमागे एक मांजर बसली आहे. अडीच मैल चालून ती तिच्या घरी गेली होती. पंजांच्या गाद्या सोलवटल्या होत्या, हाडं हाताला लागत होती. माझ्या मांडीवर आली आणि तशीच झोपली. ती आठवण आली की अजून पोटात तुटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला हा, की स्वयंपाकघर लावायच्या आधी गोट्याची खोली लावा. सगळ्यात लहान, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली खोली निवडा. एका कोपऱ्यात लिटर ट्रे (त्याच्या शी-शूचा, वाळू घातलेला), त्याच्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात खाणं आणि पाणी, लपायला आडवं केलेलं खोकं, आणि त्याचं अंथरूण. हे अंथरूण पंधरा दिवस आधीपासून धुऊ नका. आमच्या मनीची गोधडी आईच्या जुन्या लुगड्यांची होती. एका कडेचे टाके उसवलेले, मधोमध मनीच्या केसांचा राखाडी थर आणि तिच्या अंगाचा गोल खळगा. निघायच्या आदल्या दिवशी मी ती मशीनमध्ये घातली, नव्या घरात घाण कशाला न्यायची म्हणून. तिच्या ओळखीचं तेवढं एकच नेता आलं असतं, आणि ते मीच धुऊन टाकलं. तुम्ही ती चूक करू नका.

आणखी एक साधा उपाय. स्वच्छ सुती मोजा हातात घालून गोट्याच्या गालांवरून, कानापुढच्या भागावरून हळूच फिरवा आणि तो मोजा नव्या खोलीतल्या दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला, त्याच्या उंचीवर घासा. रोज करा. तीन-चार दिवसांत तो खाऊ-पिऊ लागला, शेपूट वर करून दाराशी यायला लागला, की एकेक खोली उघडा. बाहेर मात्र तीन आठवडे सोडायचं नाही. पुढेही पहिले काही दिवस उपाशीपोटी सोडायचं, म्हणजे खाऊचा डबा वाजवला की परत येतो.

सामान हलवायच्या दिवसाबद्दल. इथे घर विकत घेताना पैसे पोचल्याशिवाय किल्ली मिळत नाही हे तुम्हाला माहीत असेलच. बारा म्हणता म्हणता चार वाजतात. तेवढा वेळ दोन जीव गाडीत ठेवायचे नाहीत; उन्हात बंद गाडी थोड्याच मिनिटांत भट्टी होते, खिडकी फटभर उघडी ठेवूनही. मोतीला त्या दिवशी ओळखीच्या घरी ठेवा. गोट्याला शक्यतो कॅटरीत, म्हणजे पैसे घेऊन मांजरं सांभाळतात तिथे, एक-दोन रात्री ठेवा. तिथे लसीकरणाची कागदपत्रं मागतात, ती आजच काढून ठेवा. कॅटरी नको असेल तर जुन्या घरातली बाथरूम बंद करून दारावर मोठ्या अक्षरांत ‘उघडू नये’ असा कागद चिकटवा. त्याला सगळ्यात शेवटी गाडीत घ्या. कॅरिअर आत्तापासून हॉलमध्ये उघडा ठेवा, आत खाऊ टाकत जा, म्हणजे त्या दिवशी धरपकड होणार नाही. गाडीत कॅरिअरला सीटबेल्ट लावा आणि वरून चादर घाला.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. गोट्या बोका आहे. घर बदलण्याच्या ताणाने मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळे ती तुंबू शकते. तो पुन्हापुन्हा ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो, आणि ट्रे कोरडाच. बऱ्याच जणांना वाटतं बद्धकोष्ठ झालं. तसं समजून सकाळची वाट बघू नका. लघवी पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. रात्री दोन वाजले असले तरी व्हेटकडे न्यायचं. यासाठी पहिले पंधरा दिवस ट्रे रोज एकाच माणसाने साफ करावा आणि वाळूत लघवीचे किती गोळे झाले ते मोजावं. मोठ्या मुलाला हे काम द्या, मुलं असं काम मनापासून करतात. घरात मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. ओला खाऊ द्या, पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

मिल्टन कीन्सच्या व्हेटकडे जाण्याआधीच नाव नोंदवा, हॅरोच्या व्हेटकडून जुनी फाइल पाठवून घ्या, आणि रात्रीची इमर्जन्सी कुठे बघतात ते विचारून पत्ता फ्रिजवर लावा.

कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचंही तेवढंच महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ पासून आणि मांजरांना १० जून २०२४ पासून चिप सक्तीची आहे, नसेल तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चिपमध्ये पत्ता नसतो, फक्त १५ अंकी क्रमांक असतो. पत्ता आणि फोन असतो तो चिप नोंदवलेल्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये, आणि तो तुम्ही बदलल्याशिवाय बदलत नाही. मोती हरवला आणि कुणी चिप वाचली, तर फोन हॅरोच्या घरी जायचा. मोतीच्या पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर तुमचं नाव आणि पत्ता असणं कायद्याने लागतं, तो बिल्लाही नवा करून घ्या.

ज्यांचं घर अजून भाड्याचं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: इंग्लंडमधल्या २०२५ च्या भाडेकरू कायद्यानुसार १ मे २०२६ पासून भाडेकरूने लेखी विचारलं तर घरमालकाला प्राणी ठेवायला विनाकारण नकार देता येत नाही, आणि साधारणपणे २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा विचारायचं ते लेखीच विचारा.

मोतीचं दुखणं वेगळं. कुत्रा माणसाला धरून असतो, तुम्ही दिसलात की त्याचा अर्धा जीव शांत. पण अकरा वर्षं म्हणजे लॅब्रॅडॉरचं म्हातारपण. नजर मंदावते, मागचे पाय कमकुवत होतात. गुळगुळीत लाकडी फरशीवर त्याचे पाय फाकले तर सांधा दुखावेल, म्हणून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्या आणि रबरी मॅट अंथरा. आतापर्यंत तो फ्लॅटमध्ये राहिला, जिना त्याला सवयीचा नाही. खाली फाटक लावा. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी खाली त्याच्याजवळ झोपा. म्हातारा कुत्रा अनोळखी अंधारात फेऱ्या घालत राहतो, जवळ माणसाचा श्वास ऐकू आला की निजतो. फिरायला न्यायच्या वेळा अजिबात बदलू नका, रस्ता बदलला तरी चालेल.

बागेत त्याला मोकळं सोडायच्या आधी कुंपण स्वतः चालून बघा आणि शेड रिकामी करा. गोगलगायींना मारायच्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर इथे २०२२ पासून बागेत वापरायला बंदी आहे, पण जुने डबे शेडमध्ये पडलेले असतात. तसंच गाडीतलं अँटिफ्रीझ. ते चवीला गोड लागतं आणि थोडं पोटात गेलं तरी मांजराची किडनी निकामी होते. आधीच्या लोकांकडे प्राणी असेल तर कार्पेटमध्ये पिसवांचे कोष असतात. घर रिकामं असताना ते महिनोन्महिने निपचित राहतात आणि पावलांची हालचाल, ऊब लागली की एकदम फुटतात. दोघांनाही व्हेटकडचं पिसवांचं औषध जाण्याआधीच द्या, कार्पेट दाबून व्हॅक्यूम करा.

राहिली वास्तुशांत. आपल्या घरांत खरा धोका मला इथे दिसतो. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि मुलं प्रेमाने कुत्र्याला घास भरवतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्लं तर चालतं याचं सुरक्षित माप नाही. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं पशुवैद्यक अलीकडे मानतात. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटीही मोतीला नको. कांदा-लसूण दोघांनाही विष. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आरतीचा कापूर खाली पडला तर लगेच उचला, पोटात गेला तर झटके येतात. प्रसादाच्या दोन कढया करा, पंगतीतली बेदाण्याची आणि मुलांच्या हातात द्यायची साधी.

आणि फुलं. इथे घर बघायला येणारे लोक सुपरमार्केटचा गुच्छ आणतात, त्यात हमखास लिली असते. मांजराला लिलीचं पान, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणी, सगळंच घातक आहे. अंगावर पडलेले पराग चाटले तरी किडनी जाते. निमंत्रणाच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्येच लिहा, घरात मांजर आहे, फुलं आणू नका. कुणाला त्याचं वाईट वाटणार नाही. काही पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी व्हेटला किंवा ॲनिमल पॉयझनलाइनला फोन करा. ती सेवा सशुल्क आहे, पण चोवीस तास चालते.

होमाचा धूर झाला की छतावरचा अलार्म किंचाळतो, दार उघडं टाकलं जातं, चाळीस माणसं चपला काढत उभी असतात. गोट्यासाठी तो दिवस म्हणजे माझ्या मनीचा चौथा दिवस. म्हणून माझं म्हणणं असं, की गृहप्रवेशाला घरच्या घरी कलश आणि गणपतीची पूजा करा, दूध उतू घाला, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त निदान तीन आठवडे पुढचा घ्या. त्या दिवशीही गोट्या त्याच्या खोलीत, बाहेरून कडी घालून.

सासूबाईंशी या विषयावर वाद घालू नका. त्यांचं सोवळं त्यांच्या जागी, मोतीचं म्हातारपण त्याच्या जागी. वरच्या मजल्यावर एखाद्या खोलीत देव मांडा. जिन्याखालचं फाटक मोतीच्या गुडघ्यांसाठी लावायचंच आहे, त्याने देवघरही आपोआप राखलं जाईल. कुणाला काही बोलायची वेळ येणार नाही. आणि त्या आल्या की चहाच्या आधी त्यांना मागच्या दाराची कडी दाखवा. गावाकडे दिवसभर दार उघडं ठेवायची सवय असते, ती एका दिवसात जात नाही. कडीपाशी मराठीत ठळक लिहून चिकटवा: ‘आई, गोट्या बाहेर जाईल.’

गुरुजींना आजच फोन करा. इथे शनिवार-रविवार लवकर भरतात.