जेसीबी घरचा, बिल पंचायतीचं

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. आमच्या ह्यांचा जेसीबी आहे, गावात दुसरा नाही. पाण्याच्या पाइपलाइनचा चर खणायचाय. सरपंच म्हणतात, मशीन तुमचंच लावू, बिल चुलतदिराच्या नावानं काढू, म्हणजे भानगड नको. दर तालुक्यात चालतो तोच. चालेल का?

उत्तर : ताई, नाही चालणार. आणि चुलतदिराचं नाव घातलंत तर अजिबातच नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा निघाला की तो अपात्र. दर रास्त होता का, चर सरळ खणला का, हे तिथे कोणी विचारत नाही. 'ठरावाच्या वेळी मी बाहेर जाऊन बसले होते' असं सांगणारे मी पुष्कळ पाहिले. त्यानं सुटका होत नाही.

विस्तार अधिकारी असताना असंच एक प्रकरण माझ्याकडे चौकशीला आलं. बिल पुतण्याच्या नावे. ठराव, व्हाउचर, पावती सगळं जागच्या जागी. पण लॉगशीटवर ड्रायव्हरनं इमानदारीनं गाडीचा नंबर लिहिलेला, आणि आरसी बुक सदस्याच्या नवऱ्याचं. शिवाय पुतण्याच्या खात्यात पैसे पडले आणि तिसऱ्या दिवशी त्याच खात्यातून जेसीबीचा हप्ता गेलेला. ड्रायव्हरला बिचाऱ्याला कुणी काही पढवलंच नव्हतं.

आता, नवऱ्याचा धंदा म्हणजे बायकोचा धंदा का? हा प्रश्न मात्र खरा आहे. सी. पी. अँड बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या, नगरपालिका कायद्याखालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६६ साली म्हटलं, की मुलगा पालिकेत नोकरीला आहे एवढ्यावरून बाप अपात्र होत नाही. नुसतं नातं पुरत नाही, पैशाचा संबंध दिसावा लागतो. पण २०१२ मध्ये गोव्यातल्या एका पंचायत सदस्येला नवऱ्यानं घेतलेलं पंचायतीचं काम भोवलं. तिथल्या नागरी कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा धरला जातो, म्हणून. आपल्याकडे तसा कायदा नाही, हे तुमचे वकील मोठ्यानं सांगतील. पण जेसीबीच्या कर्जावर तुमची सही आहे का? हप्ता जोडखात्यातून जातो का? तसं असेल तर वकिलाच्या हातात फारसं काही राहत नाही.

तक्रार कोणीही करू शकतं, निर्णय जिल्हाधिकारी देतात. आणि मागच्या वेळी तुमच्याविरुद्ध पडलेला उमेदवार पहिल्या बिलाचीच वाट बघत असणार.

शेजारच्या गावातून मशीन मागवा. जायचं-यायचं भाडं जास्त पडेल, पडू द्या. ह्यांना गावासाठी फुकट खणूनच द्यायचं असेल तर ठरावात 'विनामोबदला' हा शब्द स्वच्छ लिहून घ्या. विनामोबदला म्हणजे डिझेलचेही पैसे नाहीत.