शुगर मोजायच्या यंत्राची स्क्रीन डिझाइन करतोय. आकडा मोठा घेतला, रंग दिले. आणखी काय बघावं?

तुमच्या नमुना-स्क्रीनवर आकडा कोणता टाकलाय? पैज लावतो, ११० च्या आसपासचा असणार. तो काढा आणि ५४ टाका. शुगर ठीक असताना माणूस कसलीही स्क्रीन वाचतो. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, नजर धूसर होते, साधा विचारही जड जातो. स्क्रीन त्या अवस्थेतल्या माणसाला वाचता यायला हवी.

मी स्वतः इन्सुलिनवर आहे आणि पोटापाण्यासाठी यंत्रांच्या स्क्रीनच करतो. एकदा मध्यरात्री घामानं भिजून जाग आली. दिवा न लावताच मीटर चाचपडला, बटण दाबलं. १४८. म्हटलं, उकाडा असेल, आणि पुन्हा आडवा झालो. तो आकडा आदल्या संध्याकाळचा होता. बटण दाबल्यावर मेमरी उघडली होती, आणि नोंद जुनी असल्याची खूण म्हणजे कोपऱ्यातली तांदळाच्या दाण्याएवढी तीन अक्षरं. थोड्या वेळानं ओठ बधिर वाटायला लागले तेव्हा स्ट्रिप लावून बोट टोचलं. ४९! पहिला आकडा चांगला मोठा, ठसठशीत होता हो. तेच तर नडलं.

तेव्हा जुना आकडा ताज्यासारखा दिसताच कामा नये. तो लहान ठेवा आणि त्याच्या वर ‘काल, संध्याकाळी ७:४०’ असं शब्दांत लिहा. दंडावर सेन्सर असलेल्या यंत्रात तर हे आणखी गरजेचं. संपर्क तुटला की शेवटचा आकडा तसाच लटकत ठेवू नका, सरळ रेघा दाखवा. शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा बाणही आकड्याच्या तोडीचा मोठा हवा. ९० आणि आडवा बाण असेल तर घाई नाही. ९० आणि बाण खाली असेल तर लगेच लक्ष द्यायला हवं. त्यात सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. शुगर झपाट्यानं उतरत असेल तर त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो.

रंगाबद्दल. लो आणि हाय दोन्ही लाल केलंत तर एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ होतात: एकात साखर खायची, दुसऱ्यात कदाचित इन्सुलिन. शिवाय लाल-हिरवा ओळखू न येणारे पुरुष कमी नाहीत, आणि मधुमेहानं डोळ्यांचा पडदा बिघडलेल्यांना फिकट राखाडी अक्षरं दिसतच नाहीत. रंग ठेवा, पण सोबत शब्द आणि आकारही बदला. पांढऱ्यावर काळं कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या.

बरेच मीटर २० च्या खाली आणि ६०० च्या वर आकडा न देता फक्त लो किंवा हाय दाखवतात. आमच्या चाचणीत एका काकांनी ते इंग्रजी ‘हाय’ बघून ‘नमस्कार म्हणतंय वाटतं’ असं म्हटलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे ‘शुगर फार जास्त’ असं लिहिलं.

एकक बदलणं वापरणाऱ्याच्या हातात देऊ नका. लिटरमागे ५.६ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम, आपला नेहमीचा आकडा. मधला टिंब निसटला की ते ५६ वाचलं जातं. तारीख-वेळ लावताना नकळत एकक बदलू शकतं, असा इशारा २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) काही मीटरबाबत दिला होता.

प्रत्येक अंक सात रेघांनी बनवणारा स्वस्त एलसीडी वापरणार असाल तर सुरू होताना ८८८ दाखवाच, म्हणजे सगळ्या रेघा चालतात का ते दिसेल. ८ मधली आडवी रेघ मेली की तो ० दिसतो, म्हणजे १८० चे १०० होतात.

चाचणी घेताना लोकांचा चष्मा काढून ठेवायला सांगा, दिवा मंद करा, आणि ‘किती दिसतंय?’ असं विचारू नका. ‘आता काय कराल?’ विचारा. आमच्याकडे आकडा बरोबर वाचूनही या दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडले, आणि स्क्रीन दोनदा नव्यानं करावी लागली.