बापाने वाटून दिलेले सूर

प्रश्न : माझी कॉलेजातली नात दिवसभर मेव्हिस स्टेपल्स या अमेरिकन बाईंची गाणी लावते. म्हणते, या चर्चमध्ये गाणाऱ्या, अख्खं घरच गाणारं. पण काही गाणी तर सरळ ठेका धरायला लावणारी आहेत! त्यांचं आपल्याकडच्यासारखं घराणं होतं का? आणि देवाचं गाणं सोडून त्या बाजारात उतरल्या का?
– एक वाचक, दौलतगंज, लष्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : ताई, घर गाणारं हे खरं, पण आपण म्हणतो तसं घराणं नव्हे. आपल्या इथे ग्वाल्हेर घराण्याच्या शंकर पंडितांच्या घरी उस्ताद निसार हुसेन खाँ राहिले, त्यांची तालीम पुढे पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांच्याकडे आणि त्यांच्या मुला-नातवंडांकडे आली. त्या तालमीत शिष्याचा गळा गुरूच्या वळणावर जातो. स्टेपल्सांकडे उलटं होतं.

वडील रोबक, सगळे त्यांना पॉप्स म्हणत. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर वाढले, तिथल्या चार्ली पॅटन या ब्लूज (काळ्या लोकांचं लोकसंगीत) गाणाऱ्याची गिटार ऐकून हात बसवला. 1930 च्या दशकात शिकागोला आले आणि मिळेल ती मजुरी केली. चर्चमध्ये गाणाऱ्या एका पुरुषांच्या चमूत ते होते, पण सोबती तालमीला दांड्या मारत. एकदा वैतागून घरी आले, गहाणवटीच्या दुकानातून आणलेली गिटार काढली आणि पोरांनाच जमिनीवर गोल बसवलं. एक तार छेडून क्लिओथाला तिचा सूर दिला, दुसरी छेडून पर्विसला, मग मेव्हिसला. आधी प्रत्येकाची जागा ठरली, गाणं त्यानंतर. माझ्याकडे दोन बहिणी शिकायला आल्या की कोण वरच्या पट्टीत गाणार यावरूनच वाजतं, आणि आपल्या गाण्यात दोघींना दोन सूर वाटून देण्याची सोय नाही!

1948 मध्ये ही मुलं चर्चमध्ये गाऊ लागली. मेव्हिसचा जन्म 1939 चा, म्हणजे पोरवयच. पुढे भाऊ पर्विसचा आवाज फुटला आणि मुख्य गाणं मेव्हिसकडे आलं. 1956 मध्ये त्यांची ‘अनक्लाउडी डे’ ही रेकॉर्ड निघाली, तेव्हा हा खर्जातला आवाज एका शाळकरी मुलीचा आहे यावर रेडिओ ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना.

आता बाजाराचं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात पॉप्सनी काळ्या लोकांचे पुढारी आणि धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकलं. हा माणूस जे व्यासपीठावरून सांगतो ते आपण गाऊन सांगू शकतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मग समान हक्कांच्या चळवळीची गाणी आली. 1965 मध्ये सेल्मा गावातून काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यांवरचं त्यांचं गाणं तर शिकागोच्या एका चर्चमध्येच रेकॉर्ड झालं. 1972 चं ‘आय’ल टेक यू देअर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तुमच्या नातीच्या मोबाइलवरचं ठेक्याचं गाणं बहुधा तेच. चर्चची काही मंडळी बिथरली, हे सैतानाचं संगीत म्हणाली. मेव्हिसबाईंचं म्हणणं असं, की सैतानाकडे संगीत नाहीच, सगळं देवाचं; आणि त्या गाण्यात आम्ही तुम्हाला स्वर्गातच तर नेतोय. मला हे पटतं. कीर्तनकार उत्तररंगात लोकांना हसवतो म्हणून कुणी त्याला तमासगीर म्हणत नाही.

तुमच्या शंकेला धरून गाणं शोधायचंच तर 1975 चं एक सिनेमातलं आहे, शृंगारिक. त्यातले शब्द पॉप्सना गावेनात, मी चर्चचा माणूस म्हणून अडून बसले होते. संगीतकार कर्टिस मेफील्डने गळ घालून गाऊन घेतलं, आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हातारबुवांचं अडून बसणं मला त्या गाण्यापेक्षा जास्त आवडतं.

2000 मध्ये पॉप्स गेले. बाई काही काळ खचल्या, पण 2004 मध्ये नवा अल्बम काढला, आणि 2011 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांना पहिलं ग्रॅमी मिळालं. सोबत गाणारी भावंडं आता एकही उरलेली नाहीत.

नातीला आधी 1956 चं लावायला सांगा. पॉप्सची गिटार थरथरत येते, कंप घेतलेल्या सुरासारखी. बाकीची भावंडं मागे आपापली जागा धरून असतात, आणि मेव्हिस खालून वर येते. मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज हरवतो, तेव्हा तिचा हेडफोन मागून घ्या.